बातमीचा हात आणि पावतीचा हात

बारावीचे निकाल लागले की आमच्या जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गावी घरोघर एक परिषद भरते. इंजिनियरिंग, फार्मसी, स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती हे विषय ठरलेलेच. हल्ली त्यांत आणखी एकाची भर पडली आहे. मुलगा किंवा मुलगी हळूच म्हणते, ‘मला पत्रकार व्हायचंय.’ आई बापाकडे बघते, बाप छताकडे बघतो आणि चहाला आलेला मामा विचारतो, ‘पण त्यात मिळतं काय?’ मामाच्या या प्रश्नाला नाक मुरडण्याचे कारण नाही. या व्यवसायाबद्दल सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न तोच आहे. पत्रकाराचे पोट कशावर चालते हे कळले की त्याची बातमी कशी असेल हे अर्धेअधिक कळते.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. मुंबई-दिल्लीच्या लेखी तो बराच काळ बियाणे, मोसंबी, लोखंडाचे कारखाने आणि दुष्काळ एवढ्यापुरताच होता. गेल्या काही वर्षांत मात्र या जिल्ह्याने देशाला मोठ्या बातम्या दिल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या पोलाद उद्योगावर आयकर खात्याचे छापे पडले. वऱ्हाडाच्या गाड्यांचे सोंग घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांची गोष्ट घरोघर चवीने वाचली गेली. २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि मग त्या लहानशा गावात वाहिन्यांच्या गाड्यांची रीघ लागली. पण गाड्या येतात तशा जातात. मागे उरतो तो तालुक्याचा वार्ताहर. कॅमेरे येण्याआधी गावात काय चालले होते आणि ते गेल्यावर काय राहिले, हे त्यालाच ठाऊक असते. तेव्हा पत्रकार कसे व्हावे, या प्रश्नाचे उत्तर पुण्या-मुंबईच्या काचेच्या कचेरीत शोधण्याआधी मंठा, परतूर, भोकरदन, जाफराबाद इथल्या बसस्थानकासमोर शोधावे, हे बरे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. हारतुरे होतात, भाषणे होतात. पण ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले आणि बाळशास्त्रींच्या घरची चूल अध्यापनावर पेटत होती, हे त्या भाषणांत फारसे येत नाही. गोदावरीच्या पलीकडे नेवासे तालुक्यात मुकुंदराव पाटलांनी १९१० साली ‘दीनमित्र’ हाती घेतला आणि तरवडीसारख्या खेड्यातून तो १९६७ पर्यंत चालवला. आमच्या मराठवाड्यात अनंत भालेराव हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आले आणि ‘मराठवाडा’चे संपादक झाले. या मंडळींनी पत्र चालवणे हे व्रत मानले. व्रताला पगार नसतो, आणि व्रत सगळ्यांच्याने निभत नाही. प्रश्न निर्माण होतो तो त्यानंतरच्या पिढीचा.

१९८२ साली ‘लोकमत’ची औरंगाबाद आवृत्ती निघाली. पुढे इतर दैनिकांच्या आवृत्त्या आल्या, जिल्ह्याची वेगळी पाने निघाली आणि बाजाराच्या प्रत्येक गावाला वार्ताहर हवासा झाला. एस. टी.च्या कंडक्टरला हात जोडून बातमीचे पाकीट शहरात पाठवणारे वार्ताहर मी पाहिले आहेत. पाकिटाची जागा फॅक्सने घेतली, फॅक्सची मोबाईलने. एक गोष्ट मात्र बदलली नाही. १९५५ साली श्रमिक पत्रकारांसाठी कायदा झाला, वेतन मंडळे बसली, मजिठिया मंडळाच्या शिफारशींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शिक्कामोर्तब केले. तालुक्याचा वार्ताहर बहुधा मानधनावरच राहिला. ते मानधन किती, हे त्याच्या बायकोला विचारावे. उरलेला संसार त्याने जाहिरातीच्या कमिशनवर भागवायचा. अंकाची एजन्सी त्याच्याकडे, बातमीही त्यानेच लिहायची, आणि १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला की पावतीपुस्तक घेऊन फिरायचेही त्यानेच.

माझे नोकरीचे आयुष्य बँकेत गेले. बँकेत एक साधा नियम असतो : रोकड घेणाऱ्या हाताने व्हाउचर पास करायचे नाही. रोखपाल अप्रामाणिक असतो म्हणून हा नियम केलेला नाही. एकाच हाती दोन्ही कामे दिली तर कधीतरी घोळ होणार आणि तो पकडायला कुणी नसणार, हे ओळखून तो केला आहे. तालुक्याच्या पत्रकारितेत नेमका हाच नियम पाळला जात नाही. सोमवारी ज्या सरपंचाकडून शुभेच्छांची जाहिरात आणली, त्याच्या गावच्या रखडलेल्या पाणी योजनेची बातमी मंगळवारी कोणत्या हाताने लिहायची? असा वार्ताहर लाच घेत नाही. तो फक्त ती बातमी लिहायची राहून जाते. दुसरा एखादा त्याहून हुशार निघतो. तो आधी बातमी लिहितो आणि मग पावतीपुस्तक घेऊन जातो.

हा दोष गरीब वार्ताहराच्याच माथी मारण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रातल्या २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे मोजून छापलेल्या मजकुराचा असा बोभाटा झाला की ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघर पोचला आणि प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. ती पावती तालुक्यात फाडलेली नव्हती. वरच्या मजल्यावर पाणी मुरले की खालच्या भिंतीला ओल येणारच.

मग खरी बातमी म्हणजे काय? नव्वदच्या दशकात मी तालुक्याच्या एका शाखेत होतो. खरिपाच्या तोंडावर पीककर्ज वाटपाचे पत्रक निघे आणि बहुतेक वार्ताहर ते जसेच्या तसे छापत. एक तरुण वार्ताहर मात्र पत्रक खिशात घालून बाहेर रांगेत जाई आणि शेतकऱ्यांना एवढेच विचारी, ‘हातात किती पडले?’ पुष्कळांचे ‘नवं-जुनं’ झालेले असे. म्हणजे जुने कर्ज कागदोपत्री फेडून तेवढेच नवे नावावर मांडलेले. वाटपाचा आकडा खरा, पण पेरणीसाठी हातात दमडी नाही. त्याने ते छापले. साहेब मंडळींना झोंबले, पण त्यातले एक अक्षर कुणाला खोडता येईना. पत्रकारितेची व्याख्या मला त्या दिवशी कळली. पत्रकातला आकडा आणि रांगेतल्या माणसाचा हात यांमधले अंतर मोजणे, हे ते काम.

हे काम शिकता येते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूट आहे, भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीला आहे. तिथे जरूर जावे. पण बातमी कशी लिहायची हे वर्गात कळले तरी काय लिहायचे हे तहसील कचेरीत कळते. सातबारा आणि फेरफार वाचता आला पाहिजे. ग्रामपंचायतीचा जमाखर्च लावता आला पाहिजे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज लिहिता आला पाहिजे. त्याची फी दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. अतिवृष्टीच्या अनुदान वाटपातला गैरव्यवहार २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात गाजला, तलाठी निलंबित झाले. असली बातमी भाषणात सापडत नाही. यादीतला माणूस गावात आहे का आणि त्याच्या नावावर जमीन आहे का, हे जो पडताळून पाहील त्यालाच ती सापडते. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा निजामकाळच्या कागदांसाठी मोडी आणि उर्दू जाणणारे हुडकावे लागले. ज्या तरुण पत्रकाराला ही अक्षरे लागतील, त्याला अर्धा मराठवाडा नव्याने वाचता येईल.

आईबापांना आणखी एक धास्ती असते, ती जिवाची. ती खोटी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर येथे शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या दुचाकीला गाडीने धडक दिली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी रिफायनरीच्या वादावर लिहिले होते आणि पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, पण कायदा घटना घडून गेल्यावर येतो. आधी उपयोगी पडते ती पक्की कागदपत्रे आणि एकट्याने न फिरण्याची सवय. मुलीला या वाटेला पाठवावे का, असे विचारणाऱ्यांनी उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटकडे पाहावे. ग्रामीण स्त्रियांनी २००२ साली तिथे ‘खबर लहरिया’ सुरू केले, आणि ज्या गावांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते तिथल्या रस्त्यांच्या, रुग्णालयांच्या बातम्या त्यांनी बाहेर काढल्या.

आता पोटाचे. नव्या मुलाला माझा सल्ला व्यवहारी आहे. पहिली पाच-सात वर्षे हाताशी दुसरी मिळकत असू द्यावी; शेती, शिकवणी, भाषांतर, दुकान, काहीही. अट एकच : ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांच्या हाती त्या मिळकतीची दोरी नसावी. पुढाऱ्याच्या शाळेतली नोकरी नको, ग्रामपंचायतीचे कंत्राट नको, पक्षाचे पद तर नकोच. बाळशास्त्री शिकवत होते म्हणून त्यांच्या लेखणीला कमीपणा आला नाही. आणि कोणत्याही दैनिकाचे किंवा वाहिनीचे काम पत्करण्याआधी एक प्रश्न विचारावा : ‘माझ्यावर जाहिरातीचे उद्दिष्ट आहे का?’ उत्तर ‘आहे’ असेल तर आपण कोणत्या कामावर लागतो आहोत, हे निदान स्वतःशी तरी स्पष्ट असावे.

उरला वाचक, म्हणजे तुम्ही-आम्ही. सकाळचा अंक आपल्याला चहाच्या कपाच्या दरात मिळतो. त्या पैशांत कागदाचा खर्चही जेमतेम निघतो. बाकीचे कुणीतरी दुसरा भरतो, आणि जो भरतो त्याचा वाढदिवस रंगीत पानावर येतो. वर्तमानपत्रे सचोटीची हवीत असे वाटत असेल तर त्यांचे बिल आपल्यालाही थोडे जास्त द्यावे लागेल. रांगेत जाऊन ‘हातात किती पडले’ असे विचारणारी मुले प्रत्येक तालुक्यात आजही आहेत. त्यांच्या हाती पावतीपुस्तक न देता त्यांना पोटभर पगार द्यायचा, एवढे केले तरी परिषदेला बसलेल्या आईबापांना त्या मुलांना खुशाल होकार देता येईल.