चालायची वाट मागू या, पण वेळेत आणि कागदावर

आमच्या कुर्ल्यात कुणाला मधुमेह निघाला की डॉक्टरांचा पहिला सल्ला ठरलेला असतो : रोज अर्धा तास चाला. हे ऐकून बायका हसतात. फुटपाथवर दुकानांचे सामान, रस्त्यावर रिक्षा, आणि मैदान असलेच तर ते मुलांच्या क्रिकेटने भरलेले. मग अम्मी-खाला इमारतीच्या गच्चीवर फेऱ्या मारतात. कॉलेजच्या मुली तेवढेही करत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे, की मोहल्ल्याच्या मागण्यांच्या यादीत चालण्याची सलग, सावलीची, गाड्यांपासून सुरक्षित वाट आली पाहिजे. बैठकीत हे बोलले की कुणीतरी म्हणते, "बाजी, आधी पाणी, गटार, शाळा. बागेचे लाड नंतर." हा आक्षेप मला समजतो. पण पाणी आणि शाळा यांची मागणी आपण सोडत नाही आहोत. आणि चालण्याची जागा म्हणजे लाड हे कुणी ठरवले? दादर-माटुंग्याला बाग असते तेव्हा तिला कुणी चैन म्हणत नाही. आपल्याकडे ती नसते, म्हणून तिची गरजही नाही असे आपणच मानू लागलो आहोत.

दाट वस्तीत नवी बाग काढायला जमीन नसते, हे खरे. पण अशी वाट लांब आणि अरुंद असते. नदीकाठ, नाल्याची कड, जलवाहिनीच्या बाजूची पट्टी एवढी जागा तिला पुरते, आणि ही जागा बहुतेक वेळा आधीच सरकारी असते. आपले मोहल्लेही अनेकदा अशाच जागांना लागून आहेत. कुर्ल्याजवळून मिठी वाहते, मालेगावातून मोसम, औरंगाबादेतून खाम.

धोकाही इथेच आहे. ज्यांना शहरात दुसरीकडे जागा मिळाली नाही, त्यांची घरेही याच काठांवर आहेत. आपण नियोजनात वेळेवर बोललो नाही, तर वाट आपल्यासाठी न होता आपल्यावरून जाते.

तानसा जलवाहिनीचे उदाहरण घ्या. या जलवाहिन्यांच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची 10 मीटरपर्यंतची बांधकामे हटवा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिला. पुढे हजारो झोपड्या हटवल्या गेल्या. मोकळ्या झालेल्या पट्टीवर पुन्हा अतिक्रमण होऊ नये म्हणून महापालिकेने 2017 मध्ये सुमारे 39 किलोमीटरच्या सायकल आणि जॉगिंग ट्रॅकची योजना जाहीर केली. घरे ट्रॅकसाठी पाडली, असे म्हणणे बरोबर नाही. ती जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी पाडली गेली. पण हटवलेल्यांपैकी अनेक कुटुंबांना तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलला पाठवण्यात आले. तिथली हवा आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्येच नोंदवले होते. 2018 च्या अखेरीस ही कुटुंबे विद्याविहारला जलवाहिनीजवळ ठिय्या देऊन बसली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले, की त्यांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही; दुसरे घर देता येत नसेल तर महिना 15,000 रुपये भाडे आणि 45,000 रुपये अनामत द्या.

आता हिशेब पाहा. ट्रॅकच्या योजनेत झाडे, बाक, दिवे सगळे होते. ज्यांची घरे त्या जागी होती ते कुठे राहतील, याचे उत्तर मात्र लोकांना रस्त्यावर बसून आणि कोर्टात जाऊन मिळवावे लागले. हिरवी वाट मागताना आपली पहिली अट म्हणूनच ही असावी : एकही कुटुंब आधी जवळपास, राहण्यालायक घर मिळाल्याशिवाय हलणार नाही. ही अट प्रस्तावातच लिहिलेली हवी. तोंडी आश्वासन अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर निघून जाते.

मग हे लिहून घ्यायचे कुठे? पहिली जागा म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, 1966 नुसार आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना ठराविक मुदतीत हरकती आणि सूचना देता येतात. हा उपचार नुसता नावाचा नाही. मुंबईचा 2015 चा मसुदा हजारो हरकतींनंतर मागे घ्यावा लागला आणि नव्याने करावा लागला. त्या हरकती देणाऱ्यांत आपल्या मोहल्ल्यांतले किती होते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

आणि आराखड्यात आरक्षण पडले म्हणजे काम झाले असेही नाही. खासगी जमिनीवरचे आरक्षण 10 वर्षांत ताब्यात घेतले नाही, तर मालक याच कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांत भूसंपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण संपते. नकाशावरची हिरवी जागा अशी गुपचूप नाहीशी होते. आपल्या प्रभागातील आरक्षणे कोणती आणि त्यांची मुदत कधी संपते, ही यादी माहिती अधिकारात मागवता येते. हे काम दोन मुले एका महिन्यात करू शकतात.

दुसरी जागा म्हणजे अर्थसंकल्प. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार 427 कोटींचा होता. तो फेब्रुवारीत मांडला जातो, पण कामे आधीच्या महिन्यांत ठरतात. आपण निवेदन घेऊन मार्चमध्ये जातो. पुणे महापालिका 2006-07 पासून नागरिकांकडून प्रभागातील छोट्या कामांच्या सूचना अर्ज भरून घेते. पदपथ, बाक, दिवे यांसारखी कामे त्यातून सुचवता येतात. कोंढव्यातल्या, कॅम्पातल्या वाचकांनो, तो अर्ज यंदा भरा. इतर शहरांत आमदार-खासदार निधी आणि जिल्हा नियोजन समिती हे मार्ग आहेतच. केंद्राच्या प्रधानमंत्री जन विकास कार्यक्रमात अल्पसंख्याक वस्त्यांसाठी क्रीडा सुविधाही बसतात.

इथे एक मतभेद नोंदवते. आपल्यात पटकन म्हटले जाते, "चंदा करू, आपले आपण बांधू." मशीद-मदरशांच्या बाबतीत ही सवय चांगली आहे, पण सार्वजनिक वाटेच्या बाबतीत मला ती पटत नाही. चंद्यातून चार बाक येतील. दिव्याचे बिल, झाडांना पाणी, रोजची सफाई यांसाठी दरवर्षी पैसे लागतात, आणि त्यासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद हवी. आपण कर भरतोच. शिवाय चंद्याची वाट "त्यांची" होते. महापालिकेची वाट सगळ्यांची राहते, आणि ती तशीच राहायला हवी. औरंगाबादेत खाम नदीच्या पुनरुज्जीवनात महापालिका, छावणी परिषद, कंपनीचा सामाजिक निधी आणि नागरिकांचे श्रम एकत्र आले. लोखंडी पुलाजवळ जिथे कचरा होता तिथे आज लोक चालतात. बाहेरची मदत घ्यावी, पण जबाबदारी सरकारी ठेवावी, हा धडा मी त्यातून घेते.

शेवटी, वाट कशी हवी हे ठरवताना बायकांना विचारा. भिंतीआड दडलेली वाट संध्याकाळी आमच्या उपयोगाची नसते. दिवे हवेत, स्वच्छतागृह हवे, दोन टोकांच्या मध्येही बाहेर पडायला रस्ते हवेत. हे प्रस्ताव तयार होतानाच सांगावे लागते. उद्घाटनाला बोलावल्यावर सांगून उपयोग नाही.

पुढच्या रविवारी पाच-सहा जणांनी मिळून आपल्या मोहल्ल्यातला नाला किंवा नदीकाठ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चालून पाहावा. कुठे घरे आहेत, कुठे भिंत, कुठे मोकळी जागा, हे साध्या नकाशावर लिहावे. तिथल्या घरांतल्या लोकांशी आधी बोलावे. मग तो नकाशा अर्जाला जोडून प्रभाग कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. पोच घ्यायला विसरू नका.