नकार ऐकण्याची रीत

अमेरिकेतील टेनेसी राज्यातले नॅशव्हिल हे शहर गाण्यांच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या माइक रीड नावाच्या गीतकाराच्या वाचनात एकदा एक छोटी बातमी आली. एका माणसाने दारूच्या नशेत आपल्या प्रेयसीच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या होत्या. यातून तू काय शिकलास, असे न्यायाधीशांनी विचारल्यावर तो म्हणाला, की बाईच्या मनात प्रेम नसेल तर ते जबरदस्तीने उत्पन्न करता येत नाही. हा रीड पूर्वी अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू होता. सत्तरच्या दशकात तो सिनसिनाटी बेंगल्स या संघातून खेळत असे. धडका देणे आणि धडका सोसणे हेच ज्याचे काम होते, अशा माणसाला त्या आरोपीच्या उत्तरात गाणे दिसले. ॲलन शॅम्ब्लिन या मित्राबरोबर त्याने ते लिहिले आणि 1991 साली बॉनी रेट या गायिकेच्या ‘लक ऑफ द ड्रॉ’ या ध्वनिमुद्रिकेत ते जगापुढे आले. ‘आय कान्ट मेक यू लव्ह मी’ हे त्याचे नाव.

इंग्रजी गाणी म्हणजे नुसता धांगडधिंगा, असा समज आमच्या पिढीतल्या अनेकांनी जपून ठेवला आहे. त्यांनी हे गाणे एकदा ऐकावे. पेटी, तबला आणि एखादी बासरी एवढ्या सामग्रीवर उभी राहिलेली भावगीते ऐकत जे वाढले, त्यांना ते परके वाटणार नाही. सुरुवातीला रीडच्या मनात याची चाल द्रुत लयीतली, ठेका धरायला लावणारी अशी होती. लय उतरवली तेव्हा शब्दांना श्वास घ्यायला जागा मिळाली. गाण्यात पियानो ब्रूस हॉर्नस्बी यांचा आहे. त्याखाली बासचे मोजके स्वर आणि हलक्या हाताचा ताल. व्हायोलिनचा ताफा नाही, मागे आळवणारा कोरस नाही, मध्येच येऊन टाळ्या घेणारा वाद्यमेळ नाही. बॉनी रेट ही खरे तर नावाजलेली गिटारवादक. बोटात नळी घालून तारांवरून मींड काढण्याची तिची हातोटी तिच्या चाहत्यांना ठाऊक आहे. पण या गाण्यात ते कौशल्य तिने पुढे आणलेले नाही. आपल्याला जे उत्तम येते ते योग्य वेळी न करणे, ही कलेतली फार अवघड पायरी असते.

गाण्याचा प्रसंग साधा आहे. रात्रीची वेळ, मंद केलेले दिवे, आणि दोन माणसे. त्यातल्या एकाचे मन केव्हाच निघून गेले आहे आणि दुसऱ्याला ते कळले आहे. ती एवढेच मागते, की आजची रात्र जवळ राहा, पण खोटे बोलून माझी समजूत घालू नकोस. सकाळ झाली की मी हा झगडा सोडून देईन. दोन कडवी आणि एक ध्रुवपद, बस्स. त्यात चंद्र नाही, फुले नाहीत, बेवफाईचे दूषण नाही, शापही नाही. घरात बोलावेत तसे आखूड शब्द आहेत. ध्रुवपदाशी सूर वर चढतो. आता ही टाहो फोडणार, असे आपल्याला वाटते, पण ती फोडत नाही. सूर खाली उतरतो आणि वाक्य संपते. स्टुडिओत हे गाणे आपण जवळजवळ एका दमात गायलो, असे बॉनी रेटने सांगितले आहे. घासूनपुसून काढलेली चकाकी त्यात नाही, याचे कारण तेच असावे.

कुणी म्हणेल, ही तर नुसती हार झाली. जो आपला राहिला नाही त्याच्याकडे एका रात्रीची भीक कशाला मागायची? हा आक्षेप मी समजू शकतो. परंतु नीट ऐकले तर दिसते, की ती प्रेमाची भीक मागतच नाही. ती खरेपणा मागते. समोरच्याचे मन त्याचे आहे आणि त्यावर आपला हक्क नाही, हे ती रडतानाही विसरत नाही. दुःख कमी लेखायचे नाही आणि त्या दुःखाचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायचे नाही, या दोन्ही गोष्टी ती एकाच वेळी साधते. वाद्ये जशी ऐकणाऱ्याच्या अंगावर येत नाहीत, तशी तीही त्या माणसाच्या अंगावर जात नाही. गाण्याची बांधणी आणि गाण्याचा आशय एकच गोष्ट सांगतात, की जबरदस्ती नाही.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. तेथे येणे म्हणजे येणे. हप्ता थकला की नोटीस, मग जामीनदार, मग तारणाचा लिलाव. वसुलीची ही शिडी मला तोंडपाठ होती. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा जाणवले, की प्रेमात पडलेली पुष्कळ माणसे मनात अशीच खातेवही ठेवतात. मी तुझ्यासाठी इतके केले, इतकी वर्षे वाट पाहिली, आता परतफेड कर! पण प्रेम हे कर्ज नव्हेच. समोरच्याने कोणत्याही कागदावर सही केलेली नसते. मग वसुली कसली?

हा हिशेब केवळ कादंबरीपुरता राहिला असता तर बिघडले नसते. परंतु 1990 साली उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला केंद्रात शिरून जाळून मारण्यात आले. 2020 च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले. वर्तमानपत्रे अशा बातम्यांवर ‘एकतर्फी प्रेमातून’ असा मथळा घालतात. यात प्रेम कुठे आहे? ही तर वसुली आहे, आणि तीही कधीच न घेतलेल्या कर्जाची. मुलीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, असे आपल्या दंडसंहितेत लिहिले जायला 2013 साल उजाडावे लागले. तोवर आपला सिनेमा मात्र पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आला, की ती ‘नाही’ म्हणाली तरी मागे लागावे, गाणी म्हणावीत, शेवटी ती हसतेच. 1993 च्या ‘डर’ चित्रपटात तर पाठलाग करणाऱ्याचीच सहानुभूती प्रेक्षक घरी घेऊन गेले.

एका गाण्याने गुन्हे थांबत नाहीत, एवढे भान मला आहे. पण गाणी माणसाला शब्द पुरवतात. मन मोडल्यावर काय बोलावे हे तरुण पोरांना कुठे ठाऊक असते? ती गाण्यांतून ते उसने घेतात. आपण मुलांना परीक्षेतले अपयश पचवायला शिकवतो, निदान शिकवावे असे म्हणतो तरी. नकार कसा ऐकावा हे मात्र ना घरात शिकवले जाते, ना शाळेत. एका पुरुषाच्या बंदुकीतून सुरू झालेली गोष्ट दोन पुरुषांनी लिहिली आणि एका बाईच्या आवाजात ती शहाणी झाली. आपल्या घरांतल्या मुलग्यांनी, विशेषतः त्यांनीच, ती ऐकावी.

एखाद्या रविवारी घरातल्या मुलांना हे गाणे शोधून लावायला सांगा. आता ते मोबाइलवर क्षणात सापडते. अर्थ कळला नाही तर तीच सांगतील, आणि त्या निमित्ताने जे बोलणे एरवी घरात होत नाही ते होईल. फक्त शब्द संपले म्हणून लगेच बंद करू नका. तिचे बोलून झाल्यावर पियानो आणखी थोडा वेळ एकटाच वाजत राहतो. तेवढा वेळ कुणीही काही बोलू नये.