खांदेमळणी आणि सुखाचा हिशेब

श्रावणातल्या अमावास्येला पोळा असतो. त्याच्या आदल्या दिवशी हिंगोली जिल्ह्यातल्या गावोगावी बैलांना ओढ्यावर नेऊन धुतात आणि गोठ्यात आणल्यावर त्यांच्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. या विधीस खांदेमळणी म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या झुली, बाशिंगे, वाजंत्री आणि पुरणपोळी यांचा गाजावाजा अधिक. परंतु पोळ्याचे मर्म या आदल्या संध्याकाळीच आहे, असे मला वाटते. वर्षभर जू ज्या जागी टेकले, नेमक्या त्या जागी धन्याचा हात जातो. वसमत-हिंगोलीच्या बाजारात जी हळद पोत्यांनी विकली जाते, तिच्यातलीच मूठभर त्या घट्टे पडलेल्या कातडीवर लागते. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या आणि पुष्कळ घरी आता मातीच्या बैलांची पूजा होते. मातीच्या बैलाला पूजा पोहोचते. परंतु त्याच्या खांद्यावर घट्टा नसतो.

'कृतज्ञ' हा शब्द आपण भाषणांतून आणि निरोपसमारंभांतून इतका झिजवला आहे की त्याचा अर्थ सहसा लक्षात येत नाही. केलेले जो जाणतो, तो कृतज्ञ. म्हणजे कृतज्ञता ही आधी जाणीव आहे, भावना मागाहून येते. कोणी, काय, किती केले हे ठाऊक नसताना दाटून येणारा गहिवर हा मातीच्या बैलाच्या पूजेसारखाच होय.

या जाणिवेचा सुखाशी संबंध काय? अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका नाही. रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७४ साली असे दाखविले की देशाचे उत्पन्न वाढत गेले तरी लोकांचे समाधान त्या प्रमाणात वाढतेच असे नाही. कारण माणूस आपले उत्पन्न स्वतःच्या गरजेशी नव्हे, तर शेजाऱ्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहतो. या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाला. तरीही वेतन आयोगाची थकबाकी हाती पडल्यावर शिक्षकांच्या खोलीत जी चर्चा चालते, ती ज्याने ऐकली असेल त्याला ईस्टरलिन समजावून सांगण्याची गरज नाही. याउलट एमन्स आणि मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला, ज्यांबद्दल ऋणी वाटावे अशा गोष्टी लिहून काढावयास सांगितले आणि काहींना त्रासाच्या गोष्टी. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक बरे वाटू लागले होते. परिस्थिती बदलली नव्हती. हिशेबाच्या वहीत आजवर न मांडलेली जमेची बाजू तेवढी मांडली गेली होती.

परंतु येथे एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कृतज्ञतेचा उपदेश बहुधा वरून खाली केला जातो. मजुराने मालकाचे, कंत्राटी शिक्षकाने संस्थाचालकाचे, सुनेने सासरचे उपकार मानावेत, असे सांगितले जाते. आणि उपकार मानणाऱ्याने मोबदला मागू नये, हे न बोलता सुचविले जाते. मराठवाड्यातून दरसाल ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात. 'अडीनडीला पैसे दिले' हे वाक्य त्यांना हंगामभर ऐकावे लागते. ही कृतज्ञता नव्हे, ही वसुली होय. अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव आपण घेतो त्या अ‍ॅडम स्मिथने १७५९ सालीच बजावले आहे की उपकारकर्त्याने कृतज्ञता बळाने वसूल करू पाहणे हे त्याला स्वतःलाच कमीपणा आणणारे आहे. खांदेमळणीत बैल धन्याचे पाय चेपीत नाही. धनी बैलाचा खांदा चोळतो. ज्याला लाभ झाला त्याने, ज्याने भार वाहिला त्याच्याकडे जावयाचे, ही कृतज्ञतेची खरी दिशा आहे. वर्षभर वैरण न देता एक दिवस पुरणपोळी चारणारा धनी गावातही हास्यास्पदच ठरतो.

मग आपण पगारदार मंडळी कोणाच्या खांद्यावर उभी आहोत? उत्तर आपल्या पगारपत्रकातच आहे. व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये आपल्यातील बहुतेकांच्या वेतनातून कापले जातात आणि त्याबद्दल दरमहा थोडी कुरकुरही होते. हा कर १९७५ सालच्या कायद्याने आला आणि रोजगार हमी योजनेला पैसा उभा करणे हा त्याचा हेतू होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला. हिंगोलीचे तालुके तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. सुकडी खाऊन त्यांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले, रस्ते बांधले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ साली संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी राज्याने कायद्याने पत्करली. आणि २००५ साली देशाने असा कायदा केला तेव्हा त्याच्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव उभा होता.

कोनशिलेवर उद्घाटकाचे नाव कोरले जाते. खडी फोडणाऱ्यांची नावे हजेरीपटावरच राहिली. त्या वेळी वीस वर्षांची असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली आहे. ती आज कोठे दिसते? तहसील कचेरीच्या ओसरीवर, श्रावणबाळ योजनेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज किंवा हयातीचा दाखला हातात धरून. तो कागद ज्याच्या टेबलावर येतो तो लिपिक कदाचित तिनेच खडी टाकलेल्या रस्त्याने कचेरीत आलेला असतो. हे त्याला ठाऊक असेल तर 'उद्या या' हे शब्द त्याच्या तोंडून सहज निघणार नाहीत. तिला निवृत्तिवेतन मिळावे ते तिचा हक्क म्हणून, त्याच्या दयेने नव्हे. परंतु हक्काचे काम ऋण फेडल्याच्या भावनेने करणाऱ्याला संध्याकाळी घरी जाताना जे समाधान लाभते, ते महागाई भत्त्याच्या वाढीतून लाभत नाही. आपण कोणाच्या तरी श्रमाचे वारस आहोत आणि त्या श्रमाची परतफेड आपल्या हातून थोडीफार होते आहे, या जाणिवेत माणसाचा एकाकीपणा संपतो. सुख म्हणून आपण जे शोधीत असतो त्याचा पुष्कळसा भाग एवढाच असतो.

शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. यंदाच्या पोळ्याच्या सुमारास आपल्या गावचा पाझर तलाव किंवा जुना रस्ता पाहून या आणि तो कोणी बांधला हे गावातल्या वृद्धांना विचारा. नावे सांगतील ती वहीत उतरवून घ्या. मजुरी किती मिळे, लेकरे कोठे निजत, हेही विचारा. हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती गेल्यावर आपल्यापाशी तलाव उरेल, रस्ताही उरेल. हळद मात्र कोणत्या खांद्याला लावावी, हे सांगणारे कोणी उरणार नाही.