इंजिन नव्हे, आधी चेन बघा

उसावर सावली धरणारी बांधावरची बाभूळ, सुबाभूळ काढायची म्हटली की आता कुऱ्हाड कोणी उचलत नाही. वस्त्यावस्त्यांवर पेट्रोलवर चालणारे लाकूडकटर आले आहेत. चांगलेच झाले. पण शिवारात फिरताना तक्रार एकच ऐकू येते, "साहेब, इंजिनानं ओढ सोडली." माझे स्पष्ट मत आहे की, बहुतेक वेळा इंजिनाला काही झालेले नसते. चेन बोथट असते आणि पट्टी कोरडी. तोडणीवाला गडी कोयत्याला धार लावल्याशिवाय फडात शिरत नाही. मग हजारो रुपयांच्या यंत्रालाच कानस का नको?

धार असली की जाडसर ढलप्या पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली समजा. मग गडी अंगाचा जोर लावतो, आणि धोका इथेच आहे. जोर लावता लावता पट्टीच्या टोकाची वरची बाजू फांदीला टेकली, तर कटर उसळून थेट तोंडावर येतो. म्हणून बोथट चेन धारदार चेनपेक्षा घातक, असे मी म्हणतो.

इंजिन बंद करून, हातमोजे घालून बसा. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी. लहान कटरच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला ४ मि.मी., ०.३२५ च्या चेनला ४.८ मि.मी. साधारण ३० अंशांचा तिरपा कोन धरून आतून बाहेर, एकाच दिशेने ओढा. मागेपुढे घासायचे नाही. सगळे दात सारख्या लांबीचे ठेवा, नाहीतर काप वाकडा जातो. दातापुढचा टेकू धारेपेक्षा साधारण ०.६५ मि.मी. खाली असतो. तो फार घासला तर दात लाकडात अधाशासारखा घुसतो आणि झटके बसतात.

पट्टीकडे तर कोणी बघतच नाही. खोबणीतला तेलकट भुसा खरवडा, तेलाचे भोक मोकळे करा, कडांवर आलेली बुरी सपाट कानशीने काढा. पट्टी अधूनमधून उलटी बसवा, म्हणजे एकच बाजू झिजत नाही. चेन खालून लोंबू नये, पण हाताने ओढल्यावर सरकली पाहिजे. तापलेली असताना ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करा, गार होताना ती आवळते.

ट्रॅक्टरचे काढलेले जळके ऑइल चेनच्या टाकीत ओतायची रीत मला अजिबात मान्य नाही. त्यातला लोखंडाचा कीस पंप खातो, शिंतोडे कातडीलाही वाईट. चेनचे तेल महाग वाटते खरे, पण नवी पट्टी त्याहून महाग.

जुन्या बाभळीत कुंपणाची तार रुतलेली असते, ती आधी बघा. बुंध्याची माती झाडा, पडलेल्या ओंडक्याखाली टेकण द्या. चेन मातीला लागली की धार तिथेच संपली. आणि शेजाऱ्याला कटर उसना देताना कानसही बरोबर द्या. पेट्रोल भरायला थांबेल तेव्हा प्रत्येक दातावर दोन-तीन हात मारायला सांगा.