पेढीवरचे दोन स्वभाव

दोघा भावांच्या एकत्र पेढीवर एक चित्र वारंवार दिसते. थोरला गादीवर बसताच बोलू लागतो. नवा माल, नवा भाव, नवे गिऱ्हाईक, सारे त्याला बोलता बोलताच सुचत जाते. धाकटा खतावणी पुढे घेऊन निमूटपणे ऐकतो. थोरल्यास वाटते, ह्याला धंद्यात रस उरला नाही. धाकट्यास वाटते, निर्णय तर झालाच आहे, आपणांस तो केवळ ऐकवला जात आहे. अशा गैरसमजांतूनच एके दिवशी वाटणीची भाषा निघते, आणि तिचे कारण ताळेबंदात कोठेही सापडत नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसांचे बहिर्मुख आणि अंतर्मुख असे दोन कल वर्णिले. पहिल्याच्या मनाची ओढ बाहेरच्या जगाकडे, दुसऱ्याची स्वतःच्या विचारांकडे. पुढे अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज व इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्या विचाराच्या आधारे प्रश्नावली रचून स्वभावाचे सोळा प्रकार मांडले. अनेक कंपन्या ती वापरतात. मात्र काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली असता पुष्कळांचा प्रकार बदललेला आढळतो. कारण बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्येच कोठेतरी असतात.

म्हणून स्वभावाची ओळख कामाची रीत ठरविण्यापुरती वापरावी. उधारीची मर्यादा वाढवायची असेल, तर थोरल्याने तो विषय आदल्या दिवशी आकड्यांसह कागदावर द्यावा आणि धाकट्याचे मत दुसऱ्या दिवशी विचारावे. धाकट्यानेही केवळ गप्प न राहता, ‘विचाराला एक रात्र हवी,’ असे स्पष्ट सांगावे. आणि थोरल्याचे मोठ्याने चाललेले चिंतन हाच अंतिम निर्णय आहे, असे मानू नये.

एक पथ्य मात्र दोघांनी पाळावे. धाकटा वसुलीस निघाला, तर ‘तो तुझा पिंड नव्हे’ म्हणून त्यास अडवू नये. तसेच ‘माझा स्वभावच तापट’ ही सबब सांगून मुनिमावर ओरडण्याची मुभा कोणी घेऊ नये.

सौदा पक्का करण्यापूर्वी ‘आणखी काही सांगावयाचे आहे का?’ एवढे विचारून क्षणभर थांबावे. अबोल माणसाने हेरलेला धोका पुष्कळदा त्या क्षणातच बाहेर येतो.