सहावं भोक कुठे गेलं?

“सर, सगळ्यात मोठं रिव्हॉल्व्हर कोणतं?” नेमबाजीच्या तासाला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. कॅडेट मित्रांनो, या वेळी उत्तर लिहूनच देतो.

अमेरिकेत रिव्हॉल्व्हरने हरीण, रानडुक्कर, अस्वल मारणाऱ्या शौकिनांचा जुना पंथ आहे. एल्मर कीथ हे त्यांचे गुरू. जड गोळी आणि भरपूर दारू यांचे प्रयोग त्यांनी वर्षानुवर्षं केले; .44 मॅग्नम हे काडतूस 1955 मध्ये आलं, ते त्याच खटपटीतून. काहींना तेही पुरेना. डिक कसूल यांच्या .454 कसूलचं रिव्हॉल्व्हर 1983 मध्ये वायोमिंगमधल्या फ्रीडम या गावी तयार होऊ लागलं. त्याच दशकात जॉन लाईनबॉ यांनी रायफलीच्या काडतुसाचं कवच कापून .500 लाईनबॉ बनवलं. त्याची गोळी साधारण 440 ग्रेनची. आपल्या रेंजवरची .22 ची गोळी 40 ग्रेनची असते.

मला मात्र आकड्यांपेक्षा कारागिरी भावते. कारागीर कारखान्यातलं सहा भोकांचं सिलिंडर काढतो आणि पाच भोकांचं नवं घडवतो. एक भोक कमी झालं की प्रत्येक भोकाभोवती पोलाद जाड राहतं. शिवाय सिलिंडर जागच्या जागी धरणारी खाच सहा भोकांत नेमकी भोकावरच्या पातळ भिंतीत कोरावी लागते. पाचांत ती दोन भोकांमधल्या भरीव पोलादात येते. एक गोळी सोडून दिली, म्हणून बाकीच्या पाच एवढा दाब सोसतात.

माझी तक्रार शौकिनांबद्दल आहे, सगळ्यांबद्दल नाही. त्यांच्यातले जाणते शिकारी जवळ जातात, एक गोळी झाडतात. नेम बसण्यासारखा नसेल तर हात हलवत परततात. पण निव्वळ बढाईसाठी मोठं बोअर घेणारेही असतात. धक्का जबर असला की हात आधीच दचकतो आणि नळी खाली जाते. पोटात लागलेली 440 ग्रेनची गोळीही जनावराला तत्काळ मारेलच असं नाही. ते झुडपात शिरून तासन् तास तडफडतं. ज्याचा .44 ने नेम लागत नाही, त्याने .500 घेऊन रानात जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे तर वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

दचकणं पकडायची युक्ती सोपी आहे. रिव्हॉल्व्हरवाले जिवंत काडतुसांत झाडलेली रिकामी कवचं मिसळतात आणि सिलिंडर फिरवतात. मी .22 वर तेच करतो; मध्येच एक रिकामं कवच गुपचूप भरतो. चाप ओढला जातो, आवाज होत नाही, तरी नळी टुणकन खाली जाते. परवा प्रश्न विचारणाऱ्याचीही गेली. सगळे हसले, तोही हसला. मग पुन्हा पालथा पडला आणि म्हणाला, “सर, अजून एकदा भरा.”