एक मे : राज्याकडून दारापर्यंत

आज महाराष्ट्र दिन. कोपरीपासून गोंदियापर्यंत ध्वजवंदने होतील, हुतात्म्यांचे स्मरण होईल. ते उचितच आहे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र स्थापन झाला, तो कोणाच्या औदार्याने नव्हे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि त्या लढ्यात शंभरांहून अधिक जणांनी प्राण वेचले. त्यांत कामगारही होते. म्हणून कामगार दिनीच हे राज्य जन्मास यावे, यात औचित्य आहे.

परंतु या तारखेचा इतिहास १९६० सालाशी संपत नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १ मे १९८१ रोजी जालना व सिंधुदुर्ग, तर १ मे १९९९ रोजी हिंगोली व गोंदिया हे जिल्हे निर्माण झाले. या घटनांत आम्हांस एकच सूत्र दिसते. आधी राज्य लोकांच्या भाषेत आले. मग कारभार त्यांच्या दाराजवळ येऊ लागला.

खेड्यास जी जिल्हा परिषद, तीच शहरास महापालिका. या शेवटच्या पायरीवर मात्र आपण अडखळलो. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहाविना कारभार चालला. राज्यातील इतर अनेक महापालिका व जिल्हा परिषदांचीही हीच गत झाली. मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटना स्पष्ट सांगते. आरक्षणाचा वाद आणि प्रभागरचना ही कारणे खरी असतील. पण एवढ्या विलंबाचे ते समर्थन होऊ शकत नाही.

प्रशासक कार्यक्षम असू शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि त्याची नेमणूक वरून होते आणि बदलीही वरूनच. नळास पाणी आले नाही, तर कोपरीच्या रहिवाशाने जाब कोणास विचारावा? लोकप्रतिनिधी चुकला, तर त्यास घरी बसविता येते. प्रशासकाबाबत नागरिकाच्या हाती अर्जाखेरीज काही उरत नाही.

यापुढे एकही महापालिका वा जिल्हा परिषद मुदतीनंतर लोकप्रतिनिधींविना राहणार नाही, असे वचन सरकारने आज द्यावे, आणि नागरिकांनी ते विसरू देऊ नये. हुतात्म्यांनी मागितला तो केवळ नकाशा नव्हता, लोकांचे राज्य होते.